अडकलेली खोली

"पंपाचा आवाज येतोय, पर खोली जागची हलंना," कानिफनाथ ड्रायव्हर म्हणाला. "सकाळी सातपासनं कळ दाबतोय."

रंगनाथ मिस्त्री गाडीखाली सरकला. शेवगावच्या शाळेच्या मैदानात जानेवारीतल्या शिबिरासाठी उभी असलेली ती लांबलचक गाडी परदेशात लोक सुट्टीत फिरायला वापरतात तसली होती. कुणीतरी ती एका ट्रस्टला देणगी दिली आणि ट्रस्टने तिच्यात डोळ्यांच्या ऑपरेशनची खोली केली. कळ दाबली की तेलाच्या दाबाने गाडीची एक बाजू टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकायची, तेव्हा कुठे आत टेबल मांडायला जागा व्हायची. आज ती वीतभर बाहेर येऊन तिरकी अडकली होती.

टाकीत तेल होतं. बॅटरी ठीक होती. नळ्या कोरड्या होत्या. खोली सरकवणाऱ्या दोन जॅकपैकी पुढचा ढकलत होता, मागचा मात्र ढिम्म. म्हणजे तेल जॅकच्या आतल्या आत मागे पळत होतं. तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं. रंगनाथला जॅक उघडायचीही गरज नव्हती. पाच आठवड्यांपूर्वी तो त्यानेच सुप्याच्या आपल्या शेडमध्ये दुरुस्त केला होता. मापाचं सील नव्हतं, म्हणून टिपर ट्रकचं सील ब्लेडने तासून बसवलं होतं. नंतर बदलू म्हणाला होता. मग काम वाढलं आणि ते राहून गेलं.

"काय झालं, मिस्त्री?" डॉक्टर सीमाताईंनी विचारलं.

"परदेशी माल हाय, मॅडम. इथल्या धुळीत टिकत न्हाई."

"धूळ कसली? हाच खड्ड्यातून गाडी हाणतो," ट्रस्टचे सेक्रेटरी कानिफनाथकडे बघत म्हणाले. कानिफनाथने मान खाली घातली. रंगनाथ पुन्हा गाडीखाली सरकला.

रंगनाथने नगरच्या एका दुकानात फोन केला, तर त्या मापाचं सील तिथे होतं. पाच आठवड्यांपूर्वी त्याने तिथे विचारलंच नव्हतं.

मंडपात ऑपरेशनसाठी आलेली तीस माणसं बसली होती. अगदी कडेला मालनबाई. एक डोळा तरुणपणीच बाजरीच्या कणसाचं कूस लागून गेलेला, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. "झालं का रं, लेकरा?" ती अधूनमधून विचारायची.

"हुतंय, आजी."

नगरला धाडलेली जीप सील घेऊन आली. रंगनाथने ते बसवलं, नळ्यांतली हवा काढली आणि तीन वाजता खोली सरळ बाहेर आली. पण डॉक्टरांना संध्याकाळी परतायचं होतं. अकरा ऑपरेशनं झाली. मालनबाईचा नंबर तेविसावा होता.

"आजी, पुढच्या शिबिराची वाट बघू नका," सीमाताई म्हणाल्या. "मोतीबिंदू फार पिकलाय, उशीर झाला तर नजर जाईल. लगेच नगरच्या दवाखान्यात जा."

"मला कोन नेनार, बाई? एकटीच ऱ्हाते मी."

"मी नेतो," रंगनाथ एकदम बोलून गेला. "सोमवारी येतो जीप घिऊन."

सोमवारी काम निघालं. त्याच्या पुढच्या सोमवारीही. नंतर न गेल्याची लाज वाटू लागली आणि त्या लाजेपायी जाणं आणखी लांबलं.

एप्रिलमध्ये तो तिच्या वस्तीवर पोचला. मालनबाई दारात बसली होती. फेब्रुवारीत तिचा तो उरलेला डोळा लाल होऊन ठणकायला लागला होता. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेईपर्यंत चार दिवस गेले. आता तिला दिवस की रात्र, एवढंही कळत नव्हतं.

"आजी, मी रंगनाथ. गाडीचा मिस्त्री."

"आलास व्हय? दोन सोमवार धुतलेलं लुगडं नेसून बसले हुते. मग म्हनलं, कामाचा मानूस, अडकला आसंल."

रंगनाथ खाली बसला. "खोली माझ्यामुळं अडकली हुती, आजी. चुकीचं सील मीच घातलं हुतं."

तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाली, "डॉक्टरीनबाईला सांगितलंस का?"

"न्हाई."

"त्या डायवरला बोलत हुते सगळे. मी ऐकलं."

"त्याला कामावरनं काढलं."

"मंग माझ्याकडं कशाला आलास आधी?"

 मालनबाई भिंतीला हात लावत उठली. माठ चाचपून तिने तांब्याने पेला भरायला घेतला. पाणी काठावरून तिच्या बोटांवर सांडू लागलं, तरी ती ओततच होती. रंगनाथने पेला दोन्ही हातांनी धरला आणि उभ्यानेच प्यायला.

तिथून तो घरी गेला नाही. थेट नगरला, ट्रस्टच्या कचेरीत गेला. सेक्रेटरी आले नव्हते. शिपाई म्हणाला, उद्या या. रंगनाथ बाहेरच्या बाकावर बसून राहिला.