आवाज बंद, हात बंद

उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सगळं जग दिसत असेल, असं खालच्या लोकांना वाटतं. कसलं काय. त्याला ढग दिसतात, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात, कोणाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उडालंय तेही दिसतं. पण इमारतीच्या मागे जिथे त्याला लोखंडी तुळई उतरवायची असते, नेमकी तीच जागा दिसत नाही. तिथे एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा असतो आणि वरच्याच्या कानात सारखा बोलत राहतो. खाली, खाली, डावीकडे, खाली. तो बोलतोय तोवर लिव्हर चालवायचं. तो गप्प झाला की त्याच क्षणी थांबायचं, कारण काही का असेना. आवाज बंद, हात बंद. या कामात नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि निवृत्त होईपर्यंत हेच विचारतात.

आपल्या क्रेनवाल्याच्या कानात अकरा वर्षं एकच आवाज होता, आणि तो त्याच्या बायकोच्या थोरल्या भावाचा. साइटवर लहानथोर सगळे त्याला दादाच म्हणत. दादाच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. घरी जेवायला बसल्यावर बहीण वाढायला आली, तरी हा ताटाकडे बोट दाखवून "थोडं डावीकडे, खाली, खाली" करायचा आणि पोट धरून हसायचा. हा माणूस बोलायचा थांबेल तेव्हा काहीतरी गंभीर घडलेलं असेल, असं त्याची बहीण चेष्टेने म्हणायची.

तीन महिन्यांपूर्वी तुळई जमिनीपासून वीतभर उरली असताना दादाला खालचा लाकडी ठोकळा तिरका दिसला. तो गप्प झाला आणि ठोकळा सरळ करायला त्याने हात घातला. घालायला नको होता, हे खरं. पण अकरा वर्षांत तो गप्प झाल्यावर तुळई एकदाही हलली नव्हती. त्या दिवशी हलली. दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत क्रेनवाल्याने घडलं तसं सांगितलं. मला "खाली" ऐकू आलं, म्हणून मी खाली घेतलं. वॉकीटॉकी तपासला, तो ठणठणीत निघाला. खाली उभ्या असलेल्या दोघांनी सांगितलं की दादा काही बोललाच नव्हता. साहेबांनी "लक्ष विचलित" असा शेरा मारला आणि विषय संपवला. पण क्रेनवाल्याचं लक्ष कुठेही गेलं नव्हतं. त्याने ते "खाली" खरंच ऐकलं होतं, दादाच्या त्याच घोगऱ्या आवाजात. अकरा वर्षांत दादाचं पुढचं "खाली" त्याला इतकं पाठ झालं होतं की दादाने न म्हटलेलंही त्याच्या डोक्याने म्हणून टाकलं. हे कोणाला सांगणार? सांगितलं तर वेड्यात काढतील, आणि न सांगावं तर आत नुसती आग.

कामावरून त्याला खाली बसवलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा ठेवली. मधल्या काळात मन घडवायच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथे कॉलरला माइक लावलेला एक गुळगुळीत गृहस्थ होता. त्याने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, डोळे मिटायला लावले आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलं. एकाग्रता, निष्ठा, मनोवृत्ती. क्रेनवाल्याने हात वर करून विचारलं, की न बोललेलं ऐकू येत असेल तर काय करायचं. गृहस्थ प्रसन्न हसला. म्हणाला, उत्तम प्रश्न, नेहमी आपल्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवा. क्रेनवाल्याने ते कार्ड खिशात घातलं आणि घरची वाट धरली.

तरी गड्याने त्या तीन शब्दांचा पिच्छा सोडला नाही, हे मान्य करायला हवं. दुसरं होतंच काय हातात? न्हाणीघराच्या वरच्या पाइपला त्याने कप्पी बांधली, दोरीला पाण्याने भरलेली बादली लावली आणि बादलीखाली चहाचा कप ठेवला. बायकोला स्वयंपाकघरात, ती त्याला दिसणार नाही पण तिला बादली दिसेल, असं उभं केलं. तिने "खाली, खाली" म्हणत राहायचं आणि बादली कपाजवळ आली की वाटेल तेव्हा गप्प व्हायचं. ती गप्प झाली की त्याने दोरी थांबवायची. पहिल्या दिवशी कप फुटला. दुसऱ्या दिवशी फुटला. आठवड्याभरात घरातले सगळे कप संपले आणि नवरा-बायको स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागले. मग बादलीखाली पेला आला. तो फुटायचा नाही, नुसता दबायचा.

"एकोणीस वर्षं मी हेच सांगतेय," बायको एकदा म्हणाली. "माझं पुरतं ऐकून घ्या. तुमचं उत्तर आधीच तयार असतं."

ती हसत म्हणाली होती. रोज सकाळी ती भावाकडे जायची, त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि परत येऊन नवऱ्यासाठी "खाली, खाली" म्हणायची. भावाकडचं इथे आणि इथलं भावाकडे ती काही बोलत नसे. क्रेनवाला या तीन महिन्यांत दादाच्या दारात गेला नव्हता. त्याचे पाय तिकडे वळतच नव्हते.

रोज चार तास, दोन महिने. तो जेवण कमी करून बघायचा, पहाटे उठून श्वास मोजायचा, कार्ड आरशाला लावून तोंडपाठ म्हणायचा. काही उपयोग झाला नाही. बायको गप्प झाली की पुढची दोन-तीन "खाली" त्याला तिच्याच आवाजात लख्ख ऐकू यायची. शेवटी त्याने शेजारच्या टपालवाल्या काकांना बोलावलं. हे काका नवीनच राहायला आले होते, त्यांचं बोलणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. काका तीस वेळा मध्येच थांबले आणि तीसही वेळा बादली जागच्या जागी थांबली. काकांनी पाठ थोपटली. मग बायको उभी राहिली आणि पहिल्याच फटक्यात पेला दबला.

क्रेनवाला ओल्या फरशीवर बसला. त्याला रोग कळला होता आणि त्यावर औषध नव्हतं. परक्याचं त्याला नीट ऐकू येत होतं. जी माणसं आपली, त्यांचंच ऐकू येत नव्हतं. तो गुडघ्यांत डोकं घालून रडला आणि बायकोने त्याला रडू दिलं.

मग ती व्यवहाराचं बोलली. परीक्षेला खाली उभा राहणारा माणूस नवीन असणार. म्हणजे पास होणार, यात शंका नाही. आधी कामावर चढा, पुढचं पुढे बघू.

"आणि दोन वर्षांनी तो ओळखीचा झाला की?" क्रेनवाल्याने विचारलं. "त्याचा हात कुठे असेल तेव्हा?"

बायकोने दोरी गुंडाळायला घेतली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तो दादाकडे गेला. दादा खिडकीपाशी बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. बटण काजापाशी जायचं आणि सुटायचं. दादाने वर पाहिलं, "या" म्हटलं नाही, "बसा" म्हटलं नाही. ज्या माणसाला गप्प करायला लोक हात जोडायचे, तो गप्प बसला होता.

क्रेनवाल्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. उद्या खाली तुम्ही बोला. नवा माणूस असेल तर मी पास होईन, पण ते पास होणं खोटं असेल. तुमच्या आवाजावर थांबता आलं, तरच मी वर बसायच्या लायकीचा.

दादाने बटण सोडलं.

"तीन पुरली नाहीत का, भाऊजी?"

क्रेनवाल्याला तिथेच मरून जावंसं वाटलं. तरी तो हलला नाही. कोणालाच न सांगितलेलं त्याने मग दादाला सांगितलं, की त्या दिवशी त्याच्या कानात दादाच बोलला होता. वॉकीटॉकीतून नाही, पण दादाच. बादलीचं सांगितलं, कपांचं सांगितलं, काकांचंही सांगितलं. दादा ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरक्षा साहेब घड्याळ घेऊन उभे होते. तुळई उचलून इमारतीमागे ठोकळ्यांवर ठेवायची, वेळ आठ मिनिटं. नवा माणूस वॉकीटॉकी घेऊन तयार होता. क्रेनवाला शिडीच्या पहिल्या पायरीवर चढला आणि फाटकातून दादा येताना दिसला. त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती, म्हणजे ती आज बहिणीने लावलेली नव्हती. तो साहेबांशी दोन शब्द बोलला, त्याने नव्या माणसाच्या हातातून वॉकीटॉकी डाव्या हातात घेतला आणि क्रेनवाल्याकडे न बघता इमारतीमागे गेला.

वर केबिनमध्ये क्रेनवाला लिव्हरपाशी बसला. कार्ड त्याने घरीच ठेवलं होतं. तुळई उचलली, फिरवली, इमारतीच्या पलीकडे नेली आणि ती नजरेआड झाली. आता कानात फक्त दादा.

"खाली. खाली. उजवीकडे. खाली. खाली."

आणि मग काहीच नाही. क्रेनवाल्याचा हात थांबला. पण लगेच कानात "खाली" आलं. दादाचंच, घोगरं, रोजचं. त्याने लिव्हरवरचा हात आवळला आणि हलवला नाही. पुन्हा "खाली". पुन्हा. हे आतलं की बाहेरचं? त्याला सांगता येईना. आतलं असेल आणि हात हलला, तर खाली दादाचा उरलेला हात असेल. बाहेरचं असेल आणि हात हलला नाही, तर त्याला दादाच्या खऱ्या शब्दावरही विश्वास उरला नाही, आणि अशा माणसाने वर बसून करायचं काय? दुसऱ्या चॅनलवरून साहेब विचारत होते, का थांबलात, दोन मिनिटं उरलीत. आपण संपलो, असं क्रेनवाल्याला स्पष्ट वाटलं.

अकरा वर्षांत वरच्याने खालच्याला कधी प्रश्न विचारला नव्हता. तशी पद्धतच नव्हती. त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"दादा, हे खाली तुम्ही म्हणताय का?"

नुसती खरखर आली. मग दादा बोलला, पण कामाचं नाही.

"मधलं बोट खाजतंय. जे नाही ते. रोज याच वेळेला खाजतं आणि मी वेड्यासारखा हवेत खाजवत बसतो. तुमच्या बायकोलाही सांगितलं नाही मी. तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही," क्रेनवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मग हा मीच. मी बोलायच्या आधीच तुमच्या मनात येईल तो मी नाही. खाली."

क्रेनवाल्याने तुळई खाली घेतली. शंका आली तिथे थांबला, बटण दाबून "दादा?" असं विचारलं, आणि दरवेळी दादाने काहीतरी भलतंच सांगितलं. पायात चप्पल उलटी घातलीय. साहेबांना शिंक येतेय, येत नाहीये. आठ मिनिटं केव्हाच उलटली होती. साहेबांनी चॅनलवर येऊन सांगितलं, की वेळ संपली, परीक्षा नापास, पुढच्या महिन्यात नवीन माणूस घेऊन पुन्हा या. दादा मध्येच म्हणाला, की पुन्हा येऊ, पण माणूस हाच राहील, आणि आता तुळई अधांतरी ठेवायची का?

जमिनीपासून वीतभर उरली असताना दादा पुन्हा गप्प झाला.

क्रेनवाल्याच्या डोक्यातला दादा "खाली, खाली" म्हणतच होता. त्याने लिव्हरवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि खऱ्या दादाची वाट बघत बसला.