गुडघ्याची ओळ

आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं, त्याची पहिली चुगली चहाने केली. साखर कितीही घाला, तोंड वाकडं व्हायचंच. प्यायचं पाणी बाहेरून आणता येतं, पण भाजीच्या मळ्याला कुठून आणणार? एका हंगामात भेंडी करपली, पुढच्यात काकडी. मग नवऱ्याने शहरातल्या एका कारखान्यात नोकरी बघून ठेवली. तिथली खोली एवढीशी, जेमतेम दोघांची. सासूबाईंनी नणंदेकडे जायचं असं ठरलं. ठरवलं कोणी, हे मला विचारू नका. अशा गोष्टी घरात कोणीच ठरवत नाही आणि तरी ठरलेल्या असतात.

सासूबाईंनी स्वतःचे कपडे मोठ्या कापडी पिशवीत भरले आणि पिशवी दाराआड ठेवून दिली. रोज केर काढताना ती मला आडवी यायची. मी ती उचलायची, झटकायची, परत तिथेच ठेवायची आणि मग दिवसभर ज्याच्या त्याच्यावर खेकसत फिरायची.

"एक हंगाम अजून," मी नवऱ्याला म्हटलं. "टोमॅटो लावू. नाही आले तर तू म्हणशील तिथे गुपचूप येते."

"आणि आले तर?"

"तर आई कुठेही जाणार नाहीत. आपणही नाही."

तो नुसता हुं म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी माती तपासायला देऊन आला. तपासणाऱ्या बाई भल्या होत्या. निकाल कळवून मोकळ्या झाल्या नाहीत, स्वतः मळ्यात आल्या, ढेकूळ हातात घेऊन फोडायला गेल्या तर फुटेना.

"माती खारट आहेच, शिवाय आवळून बसलीय," त्या म्हणाल्या. "पाणी खाली उतरतच नाही. जिप्सम आणि चांगलं कुजलेलं खत मिसळा, मग टाकीतलं पावसाचं पाणी एकदा भरपूर सोडा. मीठ खाली वाहून जाईल. पुढे विहिरीचं पाणी द्या, पण माती सुकू देऊ नका. सुकली की मीठ वर आलंच."

आम्ही कामाला लागलो. नवरा जिप्सम पसरून पांढराफटक होऊन घरी यायचा आणि सासूबाई विचारायच्या, "पिठाच्या डब्यात पडलास का रे?" त्या दिवसांत घरात पुन्हा हसू ऐकू यायला लागलं होतं.

लावणीला आम्ही तिघंही होतो. पाण्याच्या दोन सऱ्यांच्या मध्ये मातीचा उंच वरंबा, आणि रोप बरोब्बर वरंब्याच्या माथ्यावर. आमच्या घरात पहिल्यापासून तशीच लावणी. बाईंना ते सांगायचं कोणाला सुचलंही नव्हतं. सासूबाई बुटकं स्टूल घेऊन सरीत बसत बसत पुढे सरकत होत्या. मागे वळून बघते तर त्यांची आख्खी ओळ माथा सोडून वरंब्याच्या उतारावर लावलेली, तीही वाकडीतिकडी.

"आई, रोपं वर लावायची. ही काय अशी कडेला?"

"वरपर्यंत हात पोचत नाही गं. त्यासाठी उठायला गेले की गुडघा बोंब मारतो."

"मग मी काढून परत लावते."

"राहू दे. मेली तर माझी मेली."

मी दात आवळून पुढच्या ओळीला लागले.

थोड्याच दिवसांत माथ्यावरच्या रोपांची पानं कडेने तपकिरी पडायला लागली. बुडाशी पांढरी साय धरली होती. बोटाने चाखली तर मीठ. घरात जाऊन ती पिशवी बघायची हिंमत होईना, म्हणून मी उगाच मळ्यातच घुटमळत राहिले. तेव्हा सासूबाईंच्या ओळीकडे लक्ष गेलं. वाकडीतिकडी, पण हिरवीगार.

बाईंना बोलावलं. त्या उकिडव्या बसून कितीतरी वेळ ती ओळ बघत राहिल्या. "सरीतलं पाणी मातीतून वर चढतं आणि जाताना मीठ माथ्यावर नेऊन ठेवतं. उतारावर त्रास कमी. ही लावणी मीच सांगायला हवी होती. कोणी सुचवली?"

"यांच्या गुडघ्याने," मी म्हटलं.

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वाफ्यात शिल्लक राहिलेली रोपं आम्ही सगळी उतारावर लावली, वर गवताचं आच्छादन घातलं. पाणी देताना नवरा कधी कंटाळला नाही. बाईही अधूनमधून न बोलावता येऊन जायच्या. या माणसांचे उपकार मी कसे फेडणार, मला माहीत नाही. फेडायचेही नाहीत, असेच अंगावर राहू देत.

पहिली तोडणी झाली तेव्हा टोपल्या पुरल्या नाहीत. नवरा टोमॅटोंकडे बघत म्हणाला, "कारखान्यात कळवून टाकतो, येत नाही म्हणून." मी घरात गेले, दाराआडची पिशवी पलंगावर रिकामी केली आणि घेऊन आले.

संध्याकाळी सासूबाई दाराआड वाकून शोधत होत्या. "माझी पिशवी कुठाय?"

"टोमॅटोंना घेतली."

"आणि माझे कपडे?"

"कपाटात. खालच्या कप्प्यात ठेवलेत, वर तुमचा हात पोचत नाही."