तीस टाक्यांची घासणी

नुरहानने चौथी घासणी उसवायला घेतली, आणि या वेळी ती दोरा ओढत नव्हती, हिसडत होती.

तिची आई झेकिये दिवाणावर बसून निवांत चहा पीत होती. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, बोटं वाकडी झालेली, जीभ मात्र शाबूत. तिच्या पेटीच्या तळाशी तिचं शेवटचं बोचकं तयार होतं: कफनाचं कापड, ऑलिव्हचा साबण, टॉवेल, गुलाबपाण्याची बाटली. तोकात गावातल्या म्हाताऱ्या बांधून ठेवतात तसंच. फक्त मयताचं अंग धुवायची, हातमोज्यासारखी हातात चढवायची घासणी राहिली होती. झेकियेच्या बोटांना आता विणवत नव्हतं, म्हणून हे लचांड लेकीच्या गळ्यात पडलं होतं.

पहिली घासणी नुरहानने टपोऱ्या गाठींची विणली. दिसायला देखणी. आईने ती गालावर फिरवली आणि विचारलं, "मी काय करपलेलं पातेलं आहे?"

दुसरी तिने एक टाका सुलट, एक उलट अशी बारीक दाण्यांची केली. "वीण झकास आहे गं. पण मोठी झाली." तिसरीही मोठी. चौथीही मोठीच.

"किती मोठी, आई? बोटभर? दोन बोटं? तोंडाने सांगशील का काही?"

"मोठी म्हणजे मोठी. आत हात नुसता फिरतोय."

"कुणाचा हात? धुवायला शुक्रियेबाई येणार. तिचा पंजा पाहिलायस ना? पिशवी तेवढी नको?"

"शुक्रियेचं नाव कुणी काढलं?"

नुरहानच्या मस्तकाची शीर उठली. गल्लीतल्या मयत बायकांना शुक्रियेबाईशिवाय धुणारं होतं कोण? दोन वर्षांपूर्वी सालिहामावशी गेली, तेव्हा धुवायला नुरहान स्वतः उभी राहिली होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता. पहिलं पाणी ओतायच्या आधीच तो खाली ठेवून ती अंगणात पळाली. घरी आल्यावर तिने आईला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "तुझ्या वेळी माझ्यावर विसंबू नकोस. मला ते होणार नाही." आई तेव्हा चकार शब्द बोलली नव्हती. नुरहानला हायसं वाटलं होतं. आपली आई गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

"तीस टाके घाल," झेकिये म्हणाली.

"तीस? पोरीबाळींची होईल!"

"घाल म्हटलं ना."

दुपारभर धुसफुसत नुरहानने विणली, दुमडली, दोन्ही कडा शिवल्या आणि आईच्या मांडीवर आपटली. "घे. आता बाहुलीला आंघोळ घाल."

झेकियेने तिच्यात स्वतःचा हात घातलाच नाही. तिने लेकीचं मनगट धरलं, घासणी तिच्या पंजावर चढवली आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिचं एकेक बोट आत सरळ केलं. घासणी घट्ट बसली.

"आत्ता झाली बरोबर."

नुरहान आपल्या हाताकडे बघत राहिली. "आई, मला भीती वाटते गं."

"ठाऊक आहे. म्हणून तर सवय करायची. चल, पाणी तापलंय."

न्हाणीत झेकिये स्टुलावर पाठ करून बसली. पाठीचा मणी न् मणी मोजता येत होता. इतकी कधी वाळली ही? नुरहानने हात टेकवल्यासारखं केलं आणि उचलला. पुन्हा टेकवला.

"ही आता ओली झाली," पुढे बघतच आई म्हणाली. "बोचक्यात कोरी लागते. उद्या दुसरी विण."

"आणखी एक? अल्ला, या बाईच्या आधी मीच जाणार!"

"जाशील, जाशील. आधी पाठ घास. माशा काय हाकलतेस? मेल्यावर हळू घास, मी काही म्हणायची नाही."

नुरहानने दातओठ खाल्ले, डोळे दंडाला पुसले आणि चांगला जोर लावून घासायला सुरुवात केली.