सफुराचा खल

मित्रांनो, दगडाला थकवा येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. मलाही पूर्वी तसेच वाटायचे.

मी एक जुना दगडी खल आहे. बंदा बेटावर, बासिरच्या घरी मी असतो. तुमच्या श्रीखंडात पडणारे जायफळ एके काळी याच बेटांवरून साऱ्या जगात गेले. आता जायफळ न्यायला फारसे कोणी येत नाही. पाहुणे येतात. बोटीतून उतरतात, पडके किल्ले बघतात, पाण्याखालची प्रवाळे बघतात, आणि भूक लागली की घरोघरी जेवायला बसतात. त्यांच्यासाठी वाटण करता करता माझ्या पोटाला मध्येच खळगा पडला आहे.

माझा जन्म इथला नाही. दूर जावा बेटावर एक धुमसणारा डोंगर आहे, त्याच्या पोटातून मी बाहेर आलो. एका पाथरवटाने छिन्नीने मला घडवले आणि उरलेल्या तुकड्यातून माझा बत्ता काढला. त्याची मान वाकडी ठेवली, कारण आमच्याकडे कुटत नाहीत, रगडतात. खल आणि बत्ता एकाच दगडाचे असावे लागतात. दोन वेगळ्या दगडांची जोडी लावली तर एक जण लवकर झिजतो आणि दुसरा एकटा उरतो.

बासिरचे लग्न ठरले तेव्हा त्याने जहाजावरच्या एका व्यापाऱ्याकडून आम्हाला घेतले. तो आम्हाला पाठीवर टाकून धक्क्यावरून घरी आला. सफुरा, त्याची नवी नवरी, दारात उभी होती.

"लोक बायकोला बांगड्या आणतात," ती म्हणाली. "तुम्ही धोंडा आणलात?"

"बांगड्या फुटतात," बासिर म्हणाला.

"बरंय. भांडण झालं की तुमच्या डोक्यात घालायला जड वस्तू झाली."

तिने आधी माझ्यात कच्चे तांदूळ आणि मीठ रगडले. पीठ करडे निघाले, तिने टाकून दिले. पुन्हा रगडले. पीठ पांढरेशुभ्र निघेपर्यंत तिने मला अन्नाला हात लावू दिला नाही. नव्या खलाचे असेच करतात, नाहीतर जेवणात कच येते.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. सफुरा रोज माझ्यासमोर बसायची. आधी मीठ, मग लसूण, मग छोटे कांदे, मग मिरची, आणि शेवटी केनारीचे दाणे. केनारी म्हणजे आमच्या बेटावरचा बदामच समजा. तो रगडला की लोण्यासारखा होतो. वांगी तळून त्यावर ती हे वाटण आटवून घालायची. जायफळाच्या ताज्या गराचे आंबटसर कालवण करून त्यात मासा सोडायची. वास समोरच्या गल्लीपर्यंत जायचा. पाहुणे भाड्याच्या खोलीची चौकशी करायला येत आणि आधी जेवायलाच बसत.

सगळे पाहुणे स्वयंपाकघरात डोकावायचे, पण खाली बसली ती एकटी हेल्मी. ती फार दूरच्या थंड देशातली, साठीची, उंच, लाल गालांची बाई. सफुराने तिच्या हातात बत्ता दिला. मिरचीने हेल्मीच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी ती उठली नाही.

सफुराने विचारले, "लग्न झालंय का गं?"

"नाही," हेल्मीने नव्याने शिकलेल्या तोडक्यामोडक्या भाषेतून एक शब्द काढला.

सफुराने कपाळावर हात मारला. "नाही काय, नाही! असं तोंडावर दार लावतात का? 'बलोंग' म्हण. बलोंग म्हणजे अजून नाही. जेवलीस का, बलोंग. लग्न झालं का, बलोंग. मुलं किती, बलोंग."

"मी साठ वर्षांची आहे!"

"मग काय झालं? नवरा निघाला असेल कुठून तरी. इकडे बोटी उशिराच येतात."

दोघी इतक्या हसल्या की माझ्यातले वाटण बाहेर सांडले. जाताना सफुराने तिला जायफळाचा मुरंबा दिला. हेल्मी म्हणाली, "मी परत येईन. माझ्या गावचा मुरंबा आणीन. आपण बरोबर बसून खाऊ."

पुढे पाहुणे वाढले. सफुराची मुलगी विल्दा हाताशी आली आणि तिने मिक्सर आणला. तो गुरगुरायचा आणि एका दमात सगळे संपवायचा. मला वाईट वाटले, पण सफुराच्या खांद्याला आराम मिळाला म्हणून मी गप्प राहिलो. केनारी मात्र तिने मिक्सरला कधी दिली नाही.

मग एका वर्षी पश्चिमेचा वारा सुटला. त्या दिवसांत आमच्याकडे समुद्र खवळतो आणि बोटी बंद असतात. सफुराच्या छातीत दुखू लागले. मोठ्या बेटावर न्यायचे तर बोट हवी. बासिर रोज धक्क्यावर जाऊन लाटा बघून यायचा. समुद्र उतरला, पण तोवर ती थांबली नाही.

त्यानंतर बासिरने स्वयंपाकघराला कडी घातली. विल्दा पाहुण्यांसाठी कोपऱ्यावरच्या खानावळीतून केळीच्या पानात बांधलेला भात आणू लागली. मला उचलून जायफळाच्या झाडाखाली ठेवले. बत्ता पाहुण्यांच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावला. माझ्यात पावसाचे पाणी साचले. कोंबड्या त्यातून प्यायल्या. एका पाहुण्याने माझ्यात सिगारेट विझवली. मित्रांनो, मी रागावलो नाही. रागवायलाही अंगात काही असावे लागते.

बासिर मात्र सगळ्यांना एकच उत्तर देऊ लागला. शेजारी विचारत, "जेवलास का रे?" तो म्हणे, "बलोंग." "स्वयंपाकघर उघडलंस का?" "बलोंग." "कबरीवर नावाची पाटी लावलीस का?" "बलोंग." आमच्या बेटावर हे उत्तर कोणाला खटकत नाही. सगळे मान हलवून पुढे जात.

आणि एका सकाळच्या बोटीने हेल्मी आली.

ती पूर्वीपेक्षा वाकली होती. हातात पिवळ्या रानफळांच्या मुरंब्याची बरणी. कडी घातलेल्या स्वयंपाकघराकडे बघून तिने विचारले, "सफुरा बाहेर गेलीय? अजून आली नाही?"

बासिरच्या तोंडून सवयीने निघून गेले, "बलोंग."

"बरं," हेल्मी म्हणाली आणि ओसरीवर बसली. बरणी मांडीवर घेऊन.

दुपारी विल्दाने भात आणून समोर ठेवला. हेल्मीने तो हळूच बाजूला सरकवला. "सफुरा येऊ दे. आमचं ठरलंय, बरोबर जेवायचं."

विल्दा तरातरा मागच्या अंगणात आली. "बाबा, तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? बलोंग म्हटलं."

"अहो, ती खरंच वाट बघतेय! सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नाही तिच्या. सांगा तिला, आई गेली म्हणून."

"तू सांग ना."

"मी का? बलोंग तुम्ही म्हणालात." विल्दा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि मीच सगळीकडे सांगत फिरू का बाबा? बाजारात मी सांगितलं, धक्क्यावर मी सांगितलं. तुम्ही एकदा तरी म्हणालात का?"

विल्दा आत निघून गेली. बासिर झाडाखाली उभा राहिला. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याने माझ्यातले पाणी ओतून दिले. नारळाच्या काथ्याने मला घासले. मूठभर तांदूळ आणि मीठ टाकले आणि तेव्हा ध्यानात आले की बत्ता नाही. तो गेला आणि दाराशी लावलेला बत्ता घेऊन आला. त्यानंतर ते दार सारखे आपटत राहिले, पण कोणी उठले नाही.

पहिले पीठ काळे निघाले. त्याने टाकले. दुसरे करडे. टाकले. तिसरे पांढरे निघाले तेव्हा त्याने स्वयंपाकघराची कडी काढली आणि केनारीचा डबा आणला. तो थेट दाणेच टाकणार होता. मग थांबला. "आधी मीठ," तो स्वतःशी म्हणाला, "नाहीतर लसूण निसटतो, किती वेळा सांगायचं." हे शब्द त्याचे नव्हते. मी ते हजारदा ऐकले होते.

तो रगडू लागला. दगडावर दगड फिरला. तो आवाज घरभर गेला.

आणि ओसरीवरून हेल्मीचा आनंदाचा आवाज आला, "सफुरा! आलीस?"

ती बरणी छातीशी धरून, गुडघे दुखत असूनही घाईघाईने मागे आली. झाडाखाली बासिर बसला होता. हात हिरवे-पिवळे, डोळ्यांत मिरची.

बासिरने बत्ता खाली ठेवला.

"नाही," बासिर म्हणाला. आमच्या बेटावर कोणी इतक्या उघडपणे हा शब्द म्हणत नाही. "ती येणार नाही. ती गेली. पश्चिमेच्या वाऱ्यात, बोटी बंद होत्या तेव्हा."

हेल्मी तिथेच जमिनीवर बसली. माझ्यासमोर, सफुराच्या जागी. तिने बरणी माझ्या शेजारी ठेवली. दार आपटत होते. स्वयंपाकघराच्या दारात विल्दा उभी होती आणि तोंडावर ओढणी धरून रडत होती.

खूप वेळाने बासिरने वांगी तळली. वाटण आटवले. ते जरा जास्तच खारट झाले. हेल्मीने पहिला घास घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाली, "सफुराने तुला हाकललं असतं."

"रोज हाकलायची," बासिर म्हणाला.

मग तिने त्याच्याकडे बघितले. त्याचे गाल बसले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. तिने विचारले, "तू जेवलास?"

बासिर म्हणाला, "बलोंग."

हेल्मीने तिचे ताट त्याच्यापुढे सरकवले. विल्दाने मधे बरणी उघडली. ते तिघे एकाच ताटात जेवले.

आता मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी असतो. रोज नाही, पण कधीकधी बासिर माझ्यासमोर बसतो. मीठ अजून सढळ हातानेच टाकतो. खोलीच्या दाराला विल्दाने साधी खुंटी लावली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी जुना खल किंवा पाटा असेल तर त्याला साबण लावू नका. दगड साबण पितो आणि मग जेवणाला तो वास लागतो. नुसते पाणी आणि काथ्या पुरे. झाडाखाली ठेवायचा असला तरी उपडा ठेवा, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. आणि घरातले माणूस गेले असेल, तर जो त्याची वाट बघत ओसरीवर बसला आहे, त्याला तसे सांगा. मग त्याला जेवायला वाढा, आणि तुम्हीही बसा.