मोडलं

प्रयोगशाळेत त्याचं काम टोप्या घालायचं. तारांची जाळीदार टोपी माणसाच्या डोक्यावर बसवायची, प्रत्येक तारेखाली थेंबभर जेल सोडायचं आणि सांगायचं, "वाटेल तेव्हा बटण दाबा." मग पडद्यावर दिसायचं, की 'आता दाबू' असं माणसाला वाटण्याआधीच मेंदूच्या हालचालीची रेघ वर चढायला लागलेली असते.

आज टोपीखाली एक बेकरीवाला होता. "म्हणजे काल बायकोवर खेकसलो, तो मी नव्हतोच म्हणा," तो खुशीत म्हणाला.

"तिला सांगून बघा," प्रयोग घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाद मिटलेला नाही हो. काहीजण म्हणतात, मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो. काहीजण म्हणतात, ती नुसती तयारी. ऐनवेळी थांबता येतं."

टोप्या घालणाऱ्यानं त्यातलं पहिलं तेवढं उचललं आणि जपून घरी नेलं.

त्याला ते हवंच होतं. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या आत्याचं ऐकायचं यंत्र परवा सारखी शिट्टी मारत होतं. ती अंघोळीला गेली तेव्हा तो ते दुरुस्त करायला बसला, वैतागला आणि त्यानं ते टेबलावर आपटलं. आत्या बाहेर आल्यावर म्हणाला, "मोडलं." खोटं काय होतं त्यात? 'मी' तेवढा तोंडातच राहिला.

घरी आत्या देवापुढे बसली होती. ओठ हलत होते, पण नेहमीचं गाणं नव्हतं. चांगलं होतं ते देव करतो आणि बिघडतं ते आपल्या हातून, ही तिची जुनी वाटणी.

"मीच कडेला ठेवलं असणार रे," ती म्हणाली. "पडलं आणि मोडलं. हो ना?"

'हो' जिभेवर येऊन बसलाच होता. रेघ चढली होती म्हणा ना. त्यानं ओठ मिटले. डॉक्टरीणबाईंचं उरलेलं बोलणं आत्ता कुठे त्याच्यापर्यंत पोचलं.

"मी मोडलं," तो पुटपुटला.

"आँ?"

"मी मोडलं."

"मोडलं ते माहीत आहे मला."

मग त्याला ओरडावंच लागलं. "मी. मी मोडलं, आत्या. रागानं आपटलं." खिडकी उघडी होती; शेजारच्यांचा खोकला मध्येच थांबला.

आत्यानं एकदा देवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि मी परवापासून देवाची माफी मागतेय, ती कुणाच्या नावावर गेली?"

त्याची मान वर होईना.

"ऐकू येतंय ना तुला?" आत्यानं विचारलं आणि चटईवर जरा सरकून त्याला जागा केली.