आतल्या खोलीतला अर्थ

"माय, कामरेजला खोली पाहिली. एक तारखेपासून मी आन् नूतन तिकडं राहू," लखननं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

कलाबाईची सुई थांबली. गुजरातेतल्या या शहरात, पर्वत पाटिया भागातल्या या खोलीत, बावीस वर्षं ती कापड मार्केटच्या साड्यांना फॉल लावत होती. नवरा हिलाल गेला, तेव्हा याच सुईवर तिनं हे पोरगं वाढवलं होतं.

"का रे? काय बोलले मी तुम्हाला?"

"बोलली नाहीस काही. पाळकसाहेबांनी येशूनं सांगितलेल्या जुन्या कापडाच्या दाखल्याचा अर्थ सांगितला. तो आपल्या घराला लागू आहे."

"काय अर्थ?"

"तो आतल्या वर्गाचा. बाहेर सांगायचा नसतो."

कलाबाईच्या डोक्यात सणक गेली. या घरातून येशूच्या प्रार्थनेला पहिली ती गेली होती, लखनला हाताला धरून. दर रविवारी हॉलमध्ये सतरंज्या ती घालायची, ऐंशी माणसांचा चहा ती करायची. सगळ्यांसमोर दाखला सांगून झाला की पाळक प्रफुल्लभाऊ आठ पुरुषांना घेऊन आतल्या खोलीत जायचे, दार लोटायचे आणि तिथं अर्थ सांगायचे. बायकांनी बाहेर बसून कप विसळायचे! देवाचं बोलणंसुद्धा यांनी वाटून घेतलं होतं. टरफलं बाहेर, दाणे आत.

लखननं बायकोला मात्र सांगितलंच होतं. लखन लूमच्या कारखान्यात पाळीवर गेल्यावर नूतन सासूजवळ येऊन बसली.

"आई, रागावू नका. जुनं कापड म्हणजे तुम्ही, असं म्हणाले. श्रावणात तुम्ही पुष्पाकाकूंकडं कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट खायला गेल्या ना! जुन्या कापडाला नवं ठिगळ लावलं तर फाटतं. म्हणून नव्यांनी जुन्यांपासून वेगळं व्हायचं."

पुष्पाबाई कलाबाईची सख्खी जाऊ. हिलालच्या आजारपणात दोन महिने दवाखान्यात बसली होती ती. तिच्या घरचा घास खाल्ला म्हणून कलाबाई जुनेर झाली.

रविवारी कलाबाईनं चहा ठेवलाच नाही. प्रार्थना संपली, प्रफुल्लभाऊ आत जायला वळले, तशी ती बायकांमधून उठली.

"साहेब, मला विचारायचंय."

"ताई, नंतर विचारा."

"नंतर तुम्ही दार लावता."

बायकांमध्ये खसखस पिकली. प्रफुल्लभाऊही कसनुसे हसले.

"मला दुसरं काही येत नाही, पण कापड कळतं," कलाबाई म्हणाली. "प्रभूनं कोऱ्या कापडाचं ठिगळ म्हटलंय. कोरं म्हणजे पाणी न लागलेलं. ते धुतल्यावर आटतं आन् जुन्याला फाडतं. म्हणून शहाणी बाई नवं कापड आधी रात्रभर भिजत घालते. आटू देते. मग जोडते. वर्षानुवर्षं टिकतं. जुन्याला फेकून दे, असं त्यात कुठंय?"

"ताई, दाखल्यातलं कापड म्हणजे खरं कापड नव्हे. अर्थ खोल असतो. प्रभूनंही आपल्या शिष्यांना एकांतात समजावलं."

"समजावलं. पण मग त्यांना गावोगाव पाठवलं, सगळ्यांना सांगा म्हणून. कुणाच्या आईला घरात एकटं टाका, असं कानात सांगून पाठवलं नव्हतं!"

प्रफुल्लभाऊंचा चेहरा लाल झाला. "तुम्ही सभेची शिस्त मोडताय, कलाबाई."

"मोडते. लखन, पुढं ये."

आठ जणांत उभा असलेला लखन पुढं आला.

"आत जे शिकलास, ते इथं म्हण. जुनं कापड कोन शे? माझ्याकडं बोट दाखव आन् म्हण. मग खुशाल कामरेजला जा. मी तुझी भांडी टेम्पोत चढवून देईन."

"माय, घरी बोलू ना."

"घर तर तू सोडतोयस. बोल ना आते, आत्ताच!"

लखननं तोंड उघडलं. एकदा पाळकाकडं पाहिलं, एकदा आईकडं. तीस वर्षांचा बाप्या, लूमवर कारागिरांना शिव्या घालणारा, शर्टाचं बटण चाळवत उभा राहिला. प्रफुल्लभाऊंनी घाईनं गाणं सुरू केलं. पेटीवाल्यानं सूर धरला, पण मागून एकही आवाज उठला नाही.

"मला नाही म्हणता येत," लखन म्हणाला.

"का?"

"तोंडावर म्हणायला लाज वाटते."

"आत ऐकताना नाही वाटली?"

लखननं खिशातून फोन काढला आणि सगळ्यांदेखत कामरेजच्या घरमालकाला गुजरातीत सांगितलं, खोली दुसऱ्याला द्या.

फोन ठेवून तो आईजवळ आला. तिचा हात धरू लागला, तर तिनं तो झटकला.

"राहा घरात. पण आठ दिवस माझ्याशी बोलू नको," ती म्हणाली आणि खाली बसली. "साहेब, आता अर्थ सांगा. इथंच. आम्ही सगळ्या ऐकतोय."