डावा हात, उजवा हात

पोराला प्रश्न विचारलात की गप्प बसा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात नाहीच बोललं, तर आणखी दहा मोजा. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना न्यान बाई अठरा वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात हेच बजावत आल्या होत्या. तालुक्यातल्या शे-दीडशे शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं, खाली दुहेरी रेघ मारली आणि वर्गात जाऊन पुन्हा पोपटपंची सुरू केली. मनावर घेतलं ते एकट्या सुओंगने.

सुओंग कालव्याकाठच्या शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवायची. सहा वर्षं कंत्राटावर. यंदा शाळेत एकच कायम जागा निघाली होती, आणि ती तिला द्यायची की नाही हे एका निरीक्षण-पाठावर ठरणार होतं. प्रांताहून साहेब येणार, मागे बसून चहा पिणार, गुण देणार. पाठ चांगला झाला तर जन्माची ददात मिटली. नाही झाला तर मेअखेर कंत्राट संपलं. मग दूर बिन्ह झुओंगला बुटांच्या कारखान्यात तिची थोरली बहीण होतीच, शेजारची जागा धरून बसलेली.

"माझी पोरं बोलतात हो, बाई," सुओंग म्हणायची. "चुकतात, अडखळतात, पण स्वतःचं बोलतात. साहेबांना दिसेल ना ते?"

"दिसेल की," न्यान बाई म्हणायच्या. पण साहेबांना काय दिसतं ते त्या पुरतं जाणून होत्या.

न्यान बाई मूळच्या रशियन भाषेच्या शिक्षिका. पंचविशीत होत्या तेव्हा शाळांतून रशियन गुंडाळली गेली आणि सहा महिन्यांत त्यांना इंग्रजीची बाई करून टाकलं. आज रात्री शिकायचं, उद्या सकाळी शिकवायचं. त्यांचा स्वतःचा निरीक्षण-पाठ आला तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. एका जुन्या मास्तरांनी कानात सांगितलं, "रडतेस काय? सगळ्यांना हात वर करायला लाव. ज्याला येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. तू आपली उजव्यांनाच उठवायचं." त्या दिवशी चाळीस हात वर गेले, साहेब खूश झाले आणि न्यान बाई कायम झाल्या. ही युक्ती तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. साहेबांनाही ठाऊक, कारण साहेबही एके काळी मास्तरच. पण बोलायचं कोणी नाही. असली सभ्यता आपल्याकडे फार.

आठवडा उरला तेव्हा न्यान बाईंनी भीत भीत विषय काढला. "सुओंग, एकदा तालीम घेऊन ठेव ना वर्गाची."

"तालीम? तुम्हीच म्हणता ना, तालमीचा पाठ म्हणजे शिळा भात?"

"म्हणते गं मी. पण साहेबांना हात मोजायची सवय असते."

"मोजू देत. माझ्या वर्गात पाच-सात हात वर जातात, पण ते खरे असतात." आणि ती हसली. तिचा तो भाबडा विश्वास बघून न्यान बाईंना आधी राग आला, मग भीती वाटली. या पोरीला आपणच असं करून ठेवलंय. आपण कायम झालो युक्तीने, आणि हिला मात्र उपदेश पाजला.

आदल्या दिवशी दुपारी सुओंग शिंप्याकडे गेली, उद्यासाठी शिवायला टाकलेला आओ-झाय, म्हणजे खास प्रसंगी घालायचा लांब झगा, आणायला. वर्गावर न्यान बाई गेल्या. दार लोटून घेतलं आणि बाकांमधून फिरत वाटणी केली. तू उजवा. तू उजवा. तू डावा. चौतीस पोरं, चौतीस हात.

शेवटच्या बाकावर तेप बसली होती, बदकं पाळणाऱ्यांची. अंगाने बारकी, म्हणून घरच्यांनी नावच तेप, म्हणजे कोळंबी, ठेवलेलं. तिचा आवाज न्यान बाईंनी कधी ऐकलाच नव्हता.

"तू डावा," त्या म्हणाल्या. "आणि चुकून उठवलंच, तर तोंड उघडायचं नाही. भलतंसलतं बोललीस तर सुओंग बाईंची नोकरी जाईल. कळलं?"

तेपने मान हलवली. भेदरली बिचारी.

सुओंगला हे आत्ता सांगितलं तर ती पोरांना सगळं विसरायला लावील. म्हणून न्यान बाईंनी ठरवलं, सकाळी ऐन वेळेला फाटकाशी गाठून सांगायचं. मग नाही म्हणायला सवडच उरणार नाही. पण साहेब अर्धा तास आधीच उगवले. मुख्याध्यापकांनी न्यान बाईंना त्यांच्या शेजारी बसवलं, चहाची किटली हातात दिली, आणि सुओंगशी बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

सुओंगने टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. आत हात घालायचा, न बघता चाचपायचं आणि काय आहे ते इंग्रजीत सांगायचं. "कोण येतं?" तिने विचारलं.

चौतीस हात वर गेले.

सुओंग बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वर्षभर जी पोरं मान वर करत नव्हती, त्यांचेही हात वर! तिला वाटलं, आज माझ्यासाठी पोरांनी भीती टाकली. हुशार पोरं पुढे हात नाचवत होती, त्यांना ओलांडून ती थेट शेवटच्या बाकाशी गेली.

"तेप, तू ये."

न्यान बाईंनी मागून पाहिलं, तेपचा हात डावा होता.

तेपने पिशवीत हात घातला. काहीतरी कळल्यासारखा तिचा चेहरा उजळला, मग तिने मागे न्यान बाईंकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. सुओंग थांबली. घाई केली नाही, शब्द सुचवला नाही. दहा मोजले. मग पुन्हा दहा. न्यान बाई मनात ओरडत होत्या, मोजू नकोस गं, बसव तिला!

सुओंगने तिला प्रेमाने बसवलं आणि दुसऱ्या एका लाजऱ्या पोराला उठवलं. डावा. मग तिसरी. डावाच. प्रत्येकासमोर ती तशीच शांतपणे थांबली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि न्यान बाईंकडे झुकून म्हणाले, "तुमच्या तालमीतली ना ही? अहो, हिला साधं हातसुद्धा बघता येत नाहीत."

पाच दिवसांनी निकाल आला. जागा दुसऱ्या शाळेतल्या बाईंना गेली. शाळा सुटल्यावर सुओंग वर्गाच्या भिंतीवरची चित्रं काढत होती. न्यान बाई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या, कारण आत तेप उभी होती.

"बाई, ते बदकाचं अंडं होतं," तेप म्हणाली. मग इंग्रजीत, मोडकंतोडकं पण खणखणीत, "इट इज एग. माय डक एग."

सुओंगने हातातलं चित्र खाली ठेवलं. "मग त्या दिवशी का गं नाही बोललीस? हात तर वर केला होतास."

"डावा केला होता. न्यान बाईंनी मला डावा दिला होता. मी बोलले तर तुमची नोकरी जाईल म्हणाल्या." ती एक पाऊल पुढे आली. "मी नाही बोलले, बाई. तरी गेली?"

सुओंगने तिला जवळ घेतलं. मग मान वर केली तेव्हा तिला दारात न्यान बाई दिसल्या. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हिला डावा हात देण्याआधी," तिने विचारलं, "दहा मोजले होतेत का हो, बाई?"

आणि सुओंग गप्प बसली. घाई केली नाही, शब्द सुचवला नाही. जसं शिकवलं होतं तशी थांबून राहिली. दहा झाले, वीस झाले.